ऐंशी टक्के जमीन

मराठीत ‘लाकडी फरशी’ म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण म्हटल्यावर आपलं आपल्यालाच चमत्कारिक वाटतं. फरशी शहाबादी असते, कडप्पा असते, मोझॅकची असते. ती दगडाची असते आणि सणाच्या आदल्या दिवशी तिच्यावर बादलीभर पाणी ओतून ती खराट्याने घासता येते. लाकडाची असते ती फळी. फळीवर डबे ठेवतात. त्यामुळे अमेरिकेत आम्हाला मिळालेल्या घराचं वर्णन सासूबाईंना फोनवर करताना माझी पंचाईत झाली.

“आई, घर लहान आहे, पण सगळीकडे लाकडी जमीन आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज एकदम मऊ करून त्यांनी विचारलं, “म्हणजे फरशी घालायची राहिलीय का अजून?”

गाव कोलंबस. ओहायोतलं मोठं नव्हे, इंडियानातलं लहान. वस्ती पन्नास हजार. इथे कमिन्सचं मुख्यालय आहे. कोथरूडच्या माणसाला ‘कमिन्स’ म्हटलं की आधी मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं आणि मग डिझेल इंजिन, पण कोलंबसला यायची वाट बहुधा त्या इंजिनातूनच जाते. नवऱ्याची दोन वर्षांसाठी बदली झाली, त्याच्या व्हिसाच्या शेपटाला माझा व्हिसा बांधला गेला आणि जानेवारीच्या बर्फात आम्ही इथे उतरलो. गावात पुणेकर इतके, की दुकानात ‘कोथिंबिरीची जुडी केवढ्याला लावलीय बघ’ असं मराठीत पुटपुटायची सोय नाही. शेजारच्या रांगेतून कुणीतरी हसतंच.

बहुतेक पुणेकर हायवेच्या बाजूच्या नव्या संकुलांत राहतात. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, तरणतलाव असतो, आणि संध्याकाळी सहाला एकाच वेळी दहा घरांतून फोडणीचा वास येतो. आम्हाला मात्र ‘अमेरिकेत आलोय तर अमेरिकेत राहू’ अशी हौस. म्हणून वॉशिंग्टन स्ट्रीटपासून चालत दहा मिनिटांवर, शंभरीला टेकलेल्या एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही बघायला गेलो. घराचे दोन तुकडे करून वर एक आणि खाली एक बिऱ्हाड ठेवलेलं. भाड्याचं काम पाहणाऱ्या एजन्सीच्या बाईने दार उघडलं, आम्हाला आत घेतलं आणि एक पाऊल मागे सरून खालच्या दिशेने हात पसरला. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार पैठणीचा पदर उलगडून जसा गप्प उभा राहतो, तशी ती उभी राहिली.

“ओरिजिनल हार्डवुड,” ती म्हणाली.

जमीन खरोखरच देखणी होती. लाल ओकच्या सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्या, एका पट्टीची जीभ शेजारणीच्या खोबणीत घट्ट बसलेली, खिळा म्हणून कुठे दिसायचा नाही. खिडकीतून ऊन आलं होतं आणि सगळी खोली मधाच्या बाटलीत ठेवल्यासारखी दिसत होती. बाईने इतिहासही सांगितला. घर बांधलं तेव्हा अशी जमीन म्हणजे नेहमीचीच गोष्ट होती. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत गालिच्याची लाट आली, तेव्हा घरोघरी लोकांनी या ओकवर गालिचे ठोकले आणि त्याखाली काय आहे हे विसरूनही गेले. मग त्यांच्या मुलानातवंडांनी गालिचे उचकटले आणि पुरलेला हंडा सापडावा तसे आनंदाने ओरडले. कडेकडेने बारीक भोकं दिसत होती, ती त्या गालिच्याच्या पिनांची. ती बाईने बोटाने दाखवली. घराण्याला पूर्वी लागलेला एक डाग, पण आता सगळं ठीक आहे, असा तिचा सूर होता.

या जमिनीसाठी महिन्याला शंभर डॉलर जास्त पडणार होते. आम्ही सही केली.

भाडेकरार एकवीस पानांचा होता. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारात शेवटी ‘घरमालकास त्रास होईल असे वर्तन करू नये’ एवढं एक वाक्य असतं आणि त्यात जगातलं सगळं बसतं. इथे प्रत्येक त्रासाला स्वतंत्र परिच्छेद. सतराव्या पानावर कलम होतं: स्वयंपाकघर व बाथरूम वगळता घरातील जमिनीचा किमान ऐंशी टक्के भाग भाडेकरूने गालिच्याने झाकावा.

मी ते तीनदा वाचलं. मग नवऱ्याला वाचायला दिलं. तो इंजिनिअर असल्यामुळे त्याला राग यायच्या आधी आकडा येतो. त्याने टेप काढली. झाकण्यालायक जमीन सहाशे वीस चौरस फूट. तिचे ऐंशी टक्के चारशे शहाण्णव. आठ बाय दहाचे चार गालिचे, पाच बाय आठचे तीन, वर अडीच फुटी लांब पट्ट्याचे तीन, असे एकूण पाचशे. “चार फूट जास्तच होतायत,” तो समाधानाने म्हणाला. राग दुसऱ्या दिवशी आला, तोही आकड्यातूनच. उघड्या राहणाऱ्या एकशे वीस चौरस फुटांसाठी आपण महिन्याला शंभर डॉलर देणार, म्हणजे नुसतं बघायचा दर फुटाला त्र्याऐंशी सेंट!

हे कलम खालच्या बिऱ्हाडासाठी असतं, हे नंतर कळलं. जुन्या घरात वरच्याची जमीन आणि खालच्याचं छत यांच्यामध्ये तुळया, फळ्या आणि हवा. मधे आवाज अडवणारं काही नाही. एकूण व्यवस्था तबल्यासारखी, आणि आम्ही शाईवर राहत होतो.

आम्ही शनिवारी-शनिवारी लोकांच्या गॅरेजमधले सेल हिंडून गालिचे जमवले. एक इराणी दिसणारा, एक हरणांचा, एक निव्वळ तपकिरी. त्यांच्याखाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. जाळीही साधी नाही, लाकडाच्या लेपाला न चिकटणारी पाहिजे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना लोकरी बिल्ले. मी एकदा मोजले, घरात त्रेपन्न पाय होते. त्रेपन्नावा एका मोडक्या स्टुलाचा, तीन पायांच्या. हे बिल्ले दर दोन-तीन महिन्यांनी झिजतात, त्यांच्यात वाळूचा कण अडकतो, आणि मग संरक्षणासाठी लावलेला बिल्लाच सॅंडपेपर होतो. रविवारी सकाळी नवरा खुर्च्या उलट्या करून त्यांचे तळवे तपासत बसायचा. बैलाला नाल मारणारा दिसतो तसाच.

ताबा घेण्याच्या दिवशी आधीचे ओरखडे नोंदवायचे असतात, नाहीतर जाताना ते आपल्या नावावर चढतात. आम्ही एकशे बेचाळीस फोटो काढले. मुंजीतसुद्धा इतके काढले नव्हते. काही ओरखडे पुढे ओळखीचे झाले. दाराजवळचा लांब, कपाटापाशी पक्ष्याच्या नखासारखे तीन, आणि खिडकीखाली एक खोल, गोल खड्डा. तो कुण्या टाचेचा असावा. एके काळी इथे कुणीतरी उंच टाचांचे बूट घालून उभं राहून बाहेर बघत होतं. इथे घरात बूट घालून वावरतात, हे आपल्याला सिनेमातून माहीत असतं. पण नळ दुरुस्त करायला आलेला माणूस चिखलाचे बूट घेऊन एकवीस पानी करारावरून चालत गेला, तेव्हा मला घेरी आली.

आम्ही अर्थातच अनवाणी. बूट-चपला दाराबाहेर. पहिल्या महिन्यात खालच्या आजोबांची चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं, कौतुक असेल. चिठ्ठी फार सभ्य होती. त्यांनी लिहिलं होतं, की तुम्ही चांगले शेजारी दिसता, फक्त शक्य असेल तर घरात पायांत काही मऊ घालाल का? मी खवळले. आम्ही चपला काढतो हा आमचा हजार वर्षांचा संस्कार, आणि हे गृहस्थ आम्हाला घालायला सांगतात! नवऱ्याने समजावलं. बुटाचा आवाज वर टकटक होतो, अनवाणी टाच मात्र थेट तुळईला धक्का देते. खाली ऐकू येतो तो धप्प. आपण लहानपणापासून शहाबादीवर टाचा आपटत वाढलेली माणसं, दगड कुणाला काही सांगत नाही. तेव्हापासून आम्ही घरात लोकरी सपाता घालू लागलो. सपातांची ही सवय पुढे महागात पडणार होती, पण ते नंतर.

ऑक्टोबरात सासूबाई आल्या. वाईच्या गंगापुरीतल्या वाड्यात त्यांची पन्नास वर्षं गेली. आल्या आल्या त्यांनी सपाता नाकारल्या, गालिच्याचा कोपरा उचलून खाली बघितलं, मग वर बघितलं.

“आमच्याकडे हे वर असतं,” त्या म्हणाल्या.

खरंच होतं. वाड्यात लाकूड डोक्यावर. तुळया, कड्या, तक्तपोशी. पायाखाली माती नाहीतर दगड. जेवताना माडीवर कुणी चाललं की आमटीत भुसा पडायचा. आपल्या हिशेबाने आम्ही शंभर डॉलर जास्त भरून कुणाच्या तरी तक्तपोशीवर राहत होतो.

“ओक का काय म्हणतोस ते, पण सागाची सर नाही,” त्यांनी निकाल दिला. इथे नवऱ्याने चूक केली. त्याने लाकडाच्या कठीणपणाचं मोजमाप सांगितलं. गाब्रिएल यान्का नावाच्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली चाचणी, ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पौंड जोर लागतो ते बघतात. लाल ओकला १२९०. मेपलला १४५०, म्हणून बास्केटबॉलची मैदानं मेपलची करतात, आणि इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचा गणपती. सागाला हजाराच्या आसपास.

“म्हणजे साग मऊ?” सासूबाईंनी विचारलं.

“ओकपेक्षा मऊ.”

“गोळी रुतवून बघायला सांगितलंय कुणी?” त्या म्हणाल्या. “वाळवी लावून बघा म्हणावं.”

यावर यान्काकडे काही उत्तर असेलसं वाटत नाही.

सासूबाईंचा आणि त्या जमिनीचा खरा झगडा रीतीभातीचा होता. आपण जमिनीवर राहतो. सातव्या मजल्यावर असलो तरी ‘जमिनीवर सांडलं’ म्हणतो. भाजी निवडणं, पापड वाळवणं, पत्ते, जेवण, दुपारची झोप, रुसून बसणं, सगळं तिच्यावरच. इथे जमीन ही बघायची आणि जपायची वस्तू. ती पाण्याने पुसायची नाही. वाफेने नाही, व्हिनेगरने नाही, तेलकट साबणाने तर नाहीच. एक विशिष्ट फवारा आणि एक विशिष्ट मऊ फडकं. हळद सांडली तर धावायचं. रांगोळी घालायची नाही, कारण तिचे कण पायाखाली येऊन लेप घासतात. दिवाळीत मी रांगोळी बिस्किटं भाजायच्या काळ्या ट्रेमध्ये काढली. ट्रे दारात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, “छान. आता ओव्हनमध्ये घाल.”

खलबत्त्याचं प्रकरण तर त्या आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. त्या पहाटे पाचला उठायच्या, चहाला आलं ठेचायच्या, जमिनीवर बसून, पितळी खलबत्त्यात. तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतःच वर आले. हातात चिठ्ठी नव्हती, चेहऱ्यावर काळजी होती. पहाटे कुणी भिंतीत खिळे ठोकतंय का, त्यांनी विचारलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी खलबत्ता पुढे केला. आजोबांनी तो हातात घेतला, तोलला, बत्त्याने हळूच एक टोला मारला आणि म्हणाले, आवाज फार सुंदर आहे, पण पाच वाजता नको.

आजोबांची सगळी नोकरी इथून उत्तरेला, एडिनबर्ग नावाच्या गावात व्हिनियरच्या कारखान्यात गेली होती. व्हिनियर म्हणजे लाकडाची कागदासारखी पातळ साल, जी प्लायवुडच्या फर्निचरवर चिकटवतात. आयुष्यभर माणसाने ओक आणि अक्रोडाची झाडं सोलली. त्या दिवशी ते चहाला थांबले. सासूबाईंनी मोबाइलवर वाईच्या वाड्यातल्या खांबाचा फोटो दाखवला. आजोबांनी चष्मा वर सरकवून फोटो नाकाशी नेला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, “टीक.” सासूबाई म्हणाल्या, “साग.” मी दुभाषी म्हणून सरसावून बसले होते, पण माझी गरज संपली होती.

मग आजोबांनी एक प्रश्न विचारला, आणि त्याला मात्र मी लागले. तुमच्या लहानपणच्या घरात जमीन कशाची होती?

सासूबाईंचं माहेर वाईजवळच्या खेड्यातलं. “सांग ना, शेणाने सारवलेली.”

मी सांगितलं. शब्द निवडून निवडून सांगितलं, तरी शेण ते शेणच. आजोबा विचारात पडले. त्यांना किळस नव्हती आली, त्यांच्यातला कारागीर जागा झाला होता. लेप किती जाड असतो? वाळायला किती वेळ? आणि पुन्हा लेप कधी द्यावा लागतो? ओकची जमीन कशी, घासून, नवा लेप देऊन दहा-पंधरा वर्षं बघायला लागत नाही.

“दर आठ दिवसांनी,” सासूबाई म्हणाल्या.

आजोबांनी कप खाली ठेवला. एवढी मेहनत घेणाऱ्या लोकांबद्दलचा आदर त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पुढच्या रविवारी ते लोकरी बिल्ल्यांची दोन पाकिटं आणि टाल्कम पावडरचा डबा घेऊन आले. पट्टी करकरते ती शेजारच्या पट्टीला किंवा खिळ्याला घासते म्हणून. फटीत पावडर झटकायची, वर पाय देऊन ती आत जिरवायची. सासूबाईंनी सगळं घर पावडर लावून काढलं. आठ दिवस आमच्या घराला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येत होता. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्री पाय कुठे ठेवायचा हे नवऱ्याला पाठ होतं: तिसरी पट्टी, मग भिंतीकडून पाचवी, मग लांब ढांग. पावडरीनंतर करकर थांबली, पण तो ढांगा टाकतच राहिला.

त्याच महिन्यात आम्ही सासूबाईंना गाव दाखवलं. कोलंबसचं दुसरं वेड म्हणजे इमारती. कमिन्स वाढवणाऱ्या जे. अर्विन मिलर यांनी पन्नासच्या दशकात एक योजना काढली: गावातली शाळा चांगल्या वास्तुरचनाकाराकडून बांधून घ्या, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. शाळांनंतर इतर सार्वजनिक इमारतीही आल्या. या वेडापायी लहानशा गावात आय. एम. पे यांचं ग्रंथालय आहे आणि एरो सारिनेन यांचं षटकोनी चर्च आहे. त्याचं टोक सुईसारखं आभाळात गेलंय. मिलर यांचं स्वतःचं घरही सारिनेन यांचंच, १९५७ सालचं. आता ते तिकीट काढून बघता येतं.

त्या घराच्या बैठकीच्या खोलीत मधोमध एक चौकोनी खड्डा आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, चारी बाजूंना गाद्या-उश्या, आणि सगळ्यांनी त्यात बसून गप्पा मारायच्या. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत तो खड्डा प्रसिद्ध आहे. आम्ही कडेला उभं राहून तो बघत होतो. सासूबाईंनी बराच वेळ बघितला.

“एवढा मोठा माणूस,” त्या म्हणाल्या, “आणि शेवटी खालीच बसायची सोय केली ना?”

जेवणाच्या टेबलाभोवती एका पायाच्या खुर्च्या होत्या, त्याही सारिनेन यांच्याच. टेबलाखाली पायांची झुंबड त्यांना बघवत नसे म्हणून त्यांनी कमळाच्या देठासारखा एकच पाय दिला, असं सांगतात. कलाप्रेमी मंडळी त्या रेषेकडे बघत होती. नवऱ्याच्या डोळ्यांत मात्र वेगळंच पाणी होतं. “खुर्चीला एकच बिल्ला,” तो पुटपुटला.

डिसेंबर लागला. इथे हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली हवा पापड वाळवण्यालायक कोरडी होते. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, आणि लाकूड आकसतं. सुरीचं पातंही जायचं नाही अशा पट्ट्यांमध्ये आता दोन-दोन मिलिमीटरच्या फटी पडल्या. मी एजन्सीला घाबरत फोन केला. त्यांनी आर्द्रता तीस ते पन्नास टक्के ठेवा आणि वाफेचं यंत्र लावा, असं सांगितलं. सासूबाईंना यंत्राची गरज नव्हती. “आषाढात वाड्याचं दार फुगतं, ओढून लागत नाही. दिवाळीनंतर आपोआप लागतं. यांचा आषाढ कधी असतो?” जुलैमध्ये, मी म्हटलं. “मग जुलैमध्ये मिटतील.”

आणि जानेवारीत, एका सकाळी, लोकरी सपाता घातलेला, ऑफिसला उशीर झालेला माझा नवरा हरणांच्या गालिच्यावरून उघड्या ओकवर आला आणि क्षणभर कुठेच नव्हता. मग तो होता, आडवा. खालून आजोबांनी छताला काठी लावून विचारलं, सगळे ठीक आहात ना? मुका मार लागला होता. मान त्याहून जास्त दुखावला होता.

“दृष्ट लागली,” सासूबाई म्हणाल्या. “जो येतो तो या जमिनीचं कौतुक करून जातो. एकानेही थू थू म्हटलं नाही.”

मीठमोहऱ्या ओवाळल्या. एरवी त्या चुलीत टाकायच्या आणि तडतडल्या की किती दृष्ट होती ते कळायचं. इथे चूल म्हणजे विजेची कॉइल. त्यांनी तिच्यावर लोखंडी तवा ठेवला, लाल केला, सोबत दोन सुक्या मिरच्या टाकल्या. दृष्ट प्रचंड असावी, कारण आधी धूर झाला, मग आम्ही तिघं खोकलो, आणि मग छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळला की सासूबाईंच्या दुसऱ्या हातातला मिसळणाचा डबा उडाला. हळद सिंकमध्ये गेली, ही देवाची कृपा. मोहरीची वाटी मात्र दारातून बाहेर, थेट ओकवर. तुम्ही कधी लेप दिलेल्या लाकडावर मोहरी सांडलीय? ती सांडत नाही, ती निघून जाते. मी झाडू घेऊन धावेपर्यंत तिने फटी गाठल्या होत्या. काळे दाणे एका रेषेत, पट्ट्यांच्या मधोमध, पेरल्यासारखे. सुईने काढायला गेले तर आणखी खाली.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “घरावरूनही उतरल्या म्हणायचं.”

मार्चमध्ये त्या परत गेल्या. जाताना आजोबांना खलबत्ता देऊन गेल्या. जुलैमध्ये, त्यांनी सांगितलं होतं तशाच, फटी मिटल्या. मोहऱ्या जमिनीने गिळून टाकल्या आणि आम्ही विसरलो.

दोन वर्षं संपली ती पुन्हा हिवाळ्यातच, फेब्रुवारीत. नवऱ्याचं काम लांबलं होतं, पण जमिनीची हौस फिटली होती. आम्ही हायवेकडच्या गालिच्याच्या घरात जायचं ठरवलं. सामान गेलं, गालिचे गुंडाळले, आणि आम्ही दोघं दारात थबकलो. जमिनीवर नकाशा उमटला होता. उन्हाने आणि वर्षांनी ओकचा लेप पिवळसर होत जातो. जिथे ऊन पोचलं तिथे तो पिकला होता, जिथे आमचे गालिचे होते तिथे फिका राहिला होता. आठ बाय दहाचे चार चौकोन, पाच बाय आठचे तीन, तीन लांब पट्टे. सतरावं पान आम्ही जमिनीवर छापून ठेवलं होतं.

एजन्सीची बाई टॅब्लेट घेऊन आली. ती चौकोनांभोवती फिरली. नवऱ्याने एकशे बेचाळीस फोटो उघडून धरले होते आणि तोंडात कलमाचा आकडा तयार होता. “ऐंशी टक्के,” तो म्हणाला, “खरं तर ऐंशीहून थोडे जास्त.” बाईने उसासा टाकला आणि लिहिलं: नेहमीची झीज. मग ती गुडघ्यावर बसली. तिने टॉर्च लावला.

“फटींत हे काय आहे?”

फेब्रुवारी. लाकूड आकसलेलं. एका रेषेत काळे दाणे.

“बिया आहेत,” मी म्हटलं.

“कसल्या?”

मीठमोहऱ्या इंग्रजीत सांगायच्या म्हणजे आधी दृष्ट सांगायला हवी, दृष्टीच्या आधी सासूबाई, आणि बाईला पुढच्या घरी जायचं होतं. माझ्याआधी नवराच बोलला. तो जपून म्हणाला, “घरात एक अपघात झाला होता. त्यानंतर केलेली सुरक्षेची उपाययोजना.” तिने तेही लिहून घेतलं.

इंडियानाच्या कायद्याप्रमाणे घर सोडल्यापासून पंचेचाळीस दिवसांत, काय कापलं त्याच्या यादीसकट डिपॉझिट परत द्यावं लागतं. त्रेचाळिसाव्या दिवशी चेक आला. यादीत एकच ओळ होती: जमिनीच्या फटींतील लहान काळे गोळे काढणे, ३५ डॉलर. नवरा कॅल्क्युलेटर घेऊन बसला. वाटीत किती मोहरी मावते, तिच्यातली किती आत गेली असेल, किलोला काय दर पडला.

मी वाईला फोन लावला. पस्तीस डॉलर म्हणजे किती रुपये, हे त्यांनी आधी विचारलं. ऐकल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“पैसे घेतले ते घेतले,” शेवटी त्या म्हणाल्या. “मोहऱ्या दिल्या का परत?”